सिस्टिम सेलर (व्हिडिओ गेम)

सिस्टिम सेलर म्हणजे असा व्हिडिओ गेम, जो खेळता यावा एवढ्यासाठी अनेक ग्राहक त्याला लागणारा कन्सोलच विकत घेतात. संगणक क्षेत्रात याच अर्थाने 'किलर ॲप' ही संज्ञा रूढ आहे. ही संकल्पना व्हिडिओ गेम उद्योगातील एका जुन्या प्रश्नाशी निगडित आहे. कन्सोलची विक्री त्याच्या हार्डवेअरवर, म्हणजे प्रोसेसर, साठवणुकीचे माध्यम, नियंत्रक (कंट्रोलर) आणि किंमत यांवर अवलंबून असते, की त्यावर खेळता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे गेमवर, असा तो प्रश्न आहे.

१९७० च्या दशकापासूनच्या इतिहासात दोन्ही बाजूंनी उदाहरणे सापडतात. अनेक पिढ्यांमध्ये तांत्रिकदृष्ट्या सर्वांत शक्तिशाली असलेला कन्सोल विक्रीत मागे पडला. त्याचप्रमाणे उत्तम गेम असूनही काही कन्सोल अपयशी ठरले. अर्थशास्त्रीय अभ्यासांनुसार हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांची मागणी परस्परावलंबी असते आणि कन्सोलच्या आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यांचा प्रभाव कमी-अधिक होतो. कंपन्यांचे किंमतविषयक धोरण, गेम-स्टुडिओंची खरेदी आणि स्पर्धा कायद्याखालील खटले यांमध्ये या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे.

संज्ञा आणि संकल्पना

१९७९ मध्ये ॲपल २ या संगणकासाठी प्रसिद्ध झालेले 'व्हिसिकॅल्क' हे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर किलर ॲपचे पहिले ठळक उदाहरण मानले जाते. हिशेबाच्या या एका साधनासाठी अनेक व्यावसायिकांनी संगणक घेतला. कन्सोलच्या बाबतीत याच भूमिकेतील गेमला सिस्टिम सेलर म्हणतात.

'सॉफ्टवेअरचा प्रभाव' या शब्दप्रयोगात चार निराळ्या गोष्टी येतात: एखादा अतिलोकप्रिय गेम, उपलब्ध गेमची एकूण संख्या व विविधता, केवळ एकाच कन्सोलवर मिळणारे अनन्य (एक्सक्लुझिव्ह) गेम आणि कन्सोलच्या खोक्यातच दिलेला गेम. 'हार्डवेअरचा प्रभाव' म्हणजेही केवळ प्रोसेसरचा वेग नव्हे. बॅटरी किती वेळ टिकते, यंत्र सोबत नेता येते का, जुन्या पिढीचे गेम त्यावर चालतात का, चित्रपट पाहता येतात का आणि यंत्राची किंमत किती, या बाबीही त्यात मोडतात. या विषयावरील पुष्कळसे मतभेद या संज्ञा वेगवेगळ्या अर्थांनी वापरल्यामुळे निर्माण होतात.

आर्थिक चौकट

कन्सोल ही स्वतःहून उपयोगी पडणारी वस्तू नाही. गेमशिवाय तिचे मूल्य नगण्य असते. म्हणून कन्सोल आणि गेम या पूरक वस्तू ठरतात. कन्सोलधारकांची संख्या वाढली की गेम बनवणाऱ्या कंपन्यांना त्या कन्सोलसाठी गेम तयार करणे परवडते. गेमची संख्या वाढली की नवे ग्राहक कन्सोलकडे वळतात. या चक्राला अर्थशास्त्रात अप्रत्यक्ष जाळे-परिणाम म्हणतात. ज्या बाजारात एका मंचावर ग्राहक आणि निर्माते असे दोन गट एकत्र आणावे लागतात, त्याला द्विपक्षीय बाजार म्हणतात. झाँ-शार्ल रोशे आणि झाँ तिरोल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विपक्षीय बाजारांवरील शोधनिबंधात व्हिडिओ गेम कन्सोलचे उदाहरण घेतले आहे. तिरोल यांना २०१४ चे अर्थशास्त्रातील नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले.

या चक्राची सुरुवात करणे ही नव्या कन्सोलपुढील मुख्य अडचण असते. ग्राहक नसतील तर गेम बनत नाहीत आणि गेम नसतील तर ग्राहक येत नाहीत. ही कोंडी फोडण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे यंत्र कमी किमतीत, प्रसंगी तोटा सोसून विकणे आणि गेमच्या विक्रीतून व परवाना शुल्कातून तो भरून काढणे. मायक्रोसॉफ्टने कन्सोलच्या हार्डवेअरवर कधीही नफा मिळवलेला नाही, अशी साक्ष कंपनीच्या अधिकाऱ्याने २०२१ मध्ये एपिक गेम्स विरुद्ध ॲपल या खटल्यात दिली. दुसरा मार्ग म्हणजे कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच असा गेम तयार करणे, ज्यासाठी लोक यंत्र घेतील. निन्टेन्डोने प्रामुख्याने हा दुसरा मार्ग अनुसरला. १९४९ ते २००२ या काळात निन्टेन्डोचे अध्यक्ष असलेले हिरोशी यामाउची हे सॉफ्टवेअरच्या प्राधान्याचे ठाम पुरस्कर्ते होते. ग्राहकाला यंत्र नको असते, गेम हवा असतो आणि त्यासाठी नाइलाजाने तो यंत्र घेतो, अशी त्यांची भूमिका होती.

पहिल्या मार्गासाठी यंत्राचा आणि गेमचा नफा एकाच हातात असावा लागतो. १९९३ मध्ये अमेरिकेत आलेल्या थ्रीडीओ या कन्सोलच्या बाबतीत तसे नव्हते. थ्रीडीओ कंपनी केवळ रचना तयार करून परवाना देत असे आणि यंत्रे पॅनासॉनिकसारख्या कंपन्या बनवत. गेमच्या उत्पन्नात वाटा नसल्याने उत्पादकांना यंत्रावरच नफा काढावा लागला. किंमत सुमारे ७०० डॉलर ठेवली गेली आणि तत्कालीन स्पर्धकांच्या तुलनेत प्रगत हार्डवेअर असूनही कन्सोल चालला नाही.

इतिहास

कार्ट्रिजचा काळ आणि १९८३ ची मंदी

१९७६ मध्ये आलेल्या फेअरचाइल्ड चॅनल एफ या कन्सोलमध्ये बदलता येणाऱ्या रॉम कार्ट्रिजचा प्रथमच वापर झाला. त्यापूर्वीच्या यंत्रांत गेम कायमचे बसवलेले असत. त्यामुळे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर वेगळे विकण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. १९७७ मध्ये अटारीने बाजारात आणलेल्या व्हीसीएस, म्हणजेच पुढील काळातील अटारी २६००, या कन्सोलची विक्री सुरुवातीची काही वर्षे मर्यादित होती. १९८० मध्ये अटारीने 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी आर्केड गेमचा परवाना घेऊन त्याची कार्ट्रिज काढली. त्यानंतर कन्सोलची विक्री सुमारे चौपट झाल्याचे सांगितले जाते. यंत्रात कोणताही बदल झालेला नसताना विक्री वाढल्यामुळे हा गेम कन्सोलच्या इतिहासातील पहिला सिस्टिम सेलर मानला जातो. १९८२ मध्ये कोलेकोने आपल्या कोलेकोव्हिजन या कन्सोलसोबत 'डाँकी काँग' हा गेम देऊन हाच मार्ग अवलंबला.

१९७९ मध्ये अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी स्थापन केली. कन्सोल न बनवता केवळ त्यासाठी गेम बनवणारी ही पहिली कंपनी होती. त्यानंतर अनेक कंपन्या या व्यवसायात उतरल्या आणि निकृष्ट दर्जाच्या गेमचा बाजारात सुळसुळाट झाला. अटारीने स्वतः १९८२ मध्ये काढलेल्या 'पॅक-मॅन' आणि 'ई.टी.' या गेमच्या कार्ट्रिजा मोठ्या संख्येने पडून राहिल्या. न विकल्या गेलेल्या मालाचा काही भाग १९८३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे कचराभूमीत पुरण्यात आला. २०१४ मध्ये उत्खनन करून त्यातील कार्ट्रिजा बाहेर काढण्यात आल्या. अमेरिकेतील व्हिडिओ गेमची उलाढाल १९८३ मधील सुमारे ३ अब्ज डॉलरवरून १९८५ पर्यंत सुमारे १० कोटी डॉलरवर आली. स्वस्त होत चाललेल्या घरगुती संगणकांची स्पर्धा हेही या मंदीचे एक कारण होते. तरीही कोट्यवधी घरांत यंत्र असताना केवळ गेमवरील विश्वास उडाल्याने बाजार कोसळू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

निन्टेन्डो आणि गेम बॉय

निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा कन्सोल जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आणि एनईएस या नावाने १९८५ मध्ये अमेरिकेत आला. सप्टेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या गेमच्या ४ कोटींहून अधिक प्रती गेल्या. त्यांपैकी पुष्कळ प्रती कन्सोलसोबत दिलेल्या होत्या. निन्टेन्डोने १९८३ च्या मंदीपासून धडा घेऊन कन्सोलमध्ये परवाना नसलेले गेम अडवणारी चिप बसवली आणि अमेरिकेत प्रत्येक प्रकाशकाला वर्षाकाठी ठरावीक संख्येतच गेम काढण्याची मुभा दिली. म्हणजे सॉफ्टवेअरचा दर्जा राखण्याचे काम येथे हार्डवेअरने केले. एनईएस आणि फॅमिकॉमची एकत्रित विक्री ६ कोटी १९ लाखांपर्यंत पोहोचली.

१९८९ मध्ये आलेला गेम बॉय हा हातात धरून खेळण्याचा कन्सोल होता. त्याचा पडदा एकरंगी होता आणि तंत्रज्ञान जुने. त्याच सुमारास आलेल्या अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर या स्पर्धकांचे पडदे रंगीत व प्रकाशमान होते. तरीही गेम बॉयने त्यांना सहज मागे टाकले. अमेरिका व युरोपमध्ये यंत्रासोबत दिलेला 'टेट्रिस' हा गेम मुलांइतकाच प्रौढांनाही भावला, हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण मात्र हार्डवेअरचे होते. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कित्येक पट वेळ चाले आणि किमतीलाही कमी होता. गेम बॉयचे रचनाकार गुन्पेई योकोई यांचा भर परिचित, स्वस्त तंत्रज्ञान कल्पकतेने वापरण्यावर होता. १९९६ मध्ये जपानमध्ये 'पोकेमॉन'चे पहिले दोन गेम आले आणि सात वर्षे जुन्या झालेल्या या यंत्राची मागणी पुन्हा वाढली. गेम बॉय आणि गेम बॉय कलर यांची एकत्रित विक्री ११ कोटी ८७ लाखांच्या आसपास आहे.

१९९१ मध्ये सेगाने अमेरिकेत जेनेसिस कन्सोलची किंमत उतरवली आणि सोबत 'सॉनिक द हेजहॉग' हा नवा गेम देण्यास सुरुवात केली. त्यानंतर निन्टेन्डोच्या वर्चस्वाला प्रथमच मोठे आव्हान मिळाले. किंमत आणि गेम हे दोन्ही एकाच वेळी बदलल्याने या यशात कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

सीडी-रॉम आणि प्लेस्टेशन

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांचा कार्यकारणसंबंध सर्वांत स्पष्टपणे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसतो. सोनीचा प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आला. १९९५ मध्ये अमेरिकेत सेगा सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर असताना सोनीने प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर जाहीर केली. १९९६ मध्ये आलेला निन्टेन्डो ६४ हा नावाप्रमाणे ६४-बिट प्रोसेसरचा कन्सोल होता, तर प्लेस्टेशन ३२-बिट होता. मात्र निन्टेन्डोने कार्ट्रिज कायम ठेवली आणि सोनीने सीडी-रॉम स्वीकारली. सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावत असे. निन्टेन्डो ६४ ची सर्वांत मोठी कार्ट्रिज ६४ मेगाबाइटची होती. शिवाय सीडी छापण्याचा खर्च कमी होता आणि मागणीनुसार ती लवकर तयार करता येई. कार्ट्रिजची संख्या मात्र प्रकाशकाला बरीच आधी ठरवावी लागे.

या फरकामुळे तोवर निन्टेन्डोसाठी गेम बनवणाऱ्या स्क्वेअर या जपानी कंपनीने 'फायनल फँटसी ७' हा गेम प्लेस्टेशनसाठी तयार केला. तो जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. एनिक्स कंपनीनेही 'ड्रॅगन क्वेस्ट ७' प्लेस्टेशनवर आणण्याचे जाहीर केले. जपानी ग्राहकांच्या दृष्टीने या दोन मालिकांचे मोल मोठे होते. ग्राहक गेमसाठी प्लेस्टेशनकडे वळले. पण गेम प्लेस्टेशनकडे का वळले, याचे उत्तर हार्डवेअरच्या एका निर्णयात होते. प्लेस्टेशनची विक्री १० कोटी २४ लाखांवर गेली, तर निन्टेन्डो ६४ ची विक्री ३ कोटी २९ लाखांवर थांबली.

ड्रीमकास्ट, प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्स

सेगाचा ड्रीमकास्ट १९९८ मध्ये जपानमध्ये आणि १९९९ मध्ये अमेरिकेत आला. 'सोलकॅलिबर', 'शेनम्यू' यांसारख्या त्याच्या गेमची समीक्षकांनी प्रशंसा केली. तरीही जानेवारी २००१ मध्ये सेगाने त्याचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि कन्सोल बनवण्याच्या व्यवसायातून माघार घेतली. ड्रीमकास्टची विक्री सुमारे ९१ लाख झाली. सॅटर्नच्या अपयशामुळे डळमळलेला विश्वास, कंपनीची आर्थिक ओढाताण, क्रीडाविषयक गेमची मोठी प्रकाशक असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा असहकार आणि येऊ घातलेल्या प्लेस्टेशन २ ची ग्राहकांना असलेली प्रतीक्षा, ही त्याची प्रमुख कारणे सांगितली जातात.

प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आला, तेव्हा त्यावरील गेम मोजकेच होते. परंतु त्यावर डीव्हीडी चित्रपट पाहता येत असत आणि त्या काळातील अनेक डीव्हीडी प्लेअरांच्या तुलनेत तो महाग नव्हता. शिवाय जुन्या प्लेस्टेशनचे बहुतेक गेम त्यावर चालत. सुरुवातीच्या विक्रीत या दोन हार्डवेअर वैशिष्ट्यांचा वाटा मोठा होता. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' (२००१) सारख्या गेमनी पुढील काळात ती टिकवली. नंतर आलेले निन्टेन्डो गेमक्यूब आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स तांत्रिकदृष्ट्या अधिक शक्तिशाली असूनही त्यांची विक्री अनुक्रमे सुमारे २ कोटी १७ लाख आणि २ कोटी ४० लाख झाली. प्लेस्टेशन २ ची विक्री १५ कोटी ५० लाखांहून अधिक आहे.

एक्सबॉक्सच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये बंगी हा स्टुडिओ विकत घेतला. बंगीचा 'हेलो' हा गेम १९९९ मध्ये ॲपलच्या कार्यक्रमात प्रथम सादर झाला होता. खरेदीनंतर तो नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्ससोबत त्याचा अनन्य गेम म्हणून आला आणि या नव्या कन्सोलची ओळख बनला. सिस्टिम सेलर मिळवण्यासाठी स्टुडिओच विकत घेण्याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

वी, वी यू आणि स्विच

२००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलर किमतींना आणला. त्यात सेल प्रोसेसर आणि ब्लू-रे ड्राइव्ह होता. त्याच महिन्यात २४९ डॉलरचा निन्टेन्डो वी आला. त्याची प्रक्रियाशक्ती बरीच कमी होती. परंतु हाताच्या हालचाली ओळखणारा त्याचा नियंत्रक नवा होता. जपान आणि दक्षिण कोरिया वगळता इतरत्र यंत्रासोबत 'वी स्पोर्ट्स' हा गेम दिला जाई. टेनिस किंवा बोलिंगचा आविर्भाव करून खेळण्याच्या या गेममुळे, एरवी व्हिडिओ गेमकडे न वळणारी कुटुंबेही ग्राहक झाली. वीची विक्री १० कोटी १६ लाखांवर पोहोचली. येथे नियंत्रकाशिवाय गेम निरर्थक होता आणि गेमशिवाय नियंत्रकाचा उपयोग कळला नसता. प्लेस्टेशन ३ ची विक्री पुढे वाढली. विशेषतः २००९ मध्ये २९९ डॉलरचे सडपातळ मॉडेल आल्यानंतर ती उसळली. अंतिम विक्री सुमारे ८ कोटी ७४ लाख झाली.

२०१२ मध्ये आलेला निन्टेन्डो वी यू मात्र अपयशी ठरला. त्याच्या नावामुळे तो नवा कन्सोल आहे की वीचेच एखादे उपकरण, हे अनेक ग्राहकांना उमगले नाही. इतर प्रकाशकांनी लवकरच त्याकडे पाठ फिरवली. त्यावर 'मारिओ कार्ट ८' (२०१४) हा दर्जेदार गेम आला. तो ८४ लाख ६० हजार प्रती खपला. वी यूची एकूण विक्री १ कोटी ३५ लाख ६० हजार असल्याने दर दहा कन्सोलमागे सहाहून अधिक प्रती गेल्या. तरीही कन्सोल तरला नाही.

एप्रिल २०१७ मध्ये हाच गेम थोड्या भरीसह निन्टेन्डो स्विचवर 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' या नावाने आला आणि त्याच्या ६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम तर ३ मार्च २०१७ रोजी वी यू आणि स्विच या दोन्हींवर एकाच दिवशी प्रसिद्ध झाला होता. स्विचवरील त्याची विक्री ३ कोटींच्या पुढे गेली, तर वी यूवरील विक्री २० लाखांपर्यंतही पोहोचली नाही. गेम तोच असताना यंत्र बदलल्याने झालेला हा फरक हार्डवेअरच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत प्रबळ पुरावा आहे. स्विचचे बळ प्रोसेसरमध्ये नव्हते. दूरचित्रवाणीला जोडता येणारा आणि तोच हातात घेऊन बाहेर नेता येणारा कन्सोल ही कल्पना ग्राहकांना पटली. स्विचची विक्री १५ कोटींहून अधिक आहे.

संशोधन

मॅथ्यू क्लेमेंट्स आणि हिरोशी ओहाशी यांनी १९९४ ते २००२ या काळातील अमेरिकी कन्सोल-बाजाराचा अभ्यास करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या मते कन्सोलच्या आयुष्याच्या सुरुवातीला किंमत कमी ठेवणे अधिक परिणामकारक ठरते, तर उत्तरार्धात गेमची विविधता वाढवणे अधिक परिणामकारक ठरते. म्हणजेच कन्सोल नवा आहे की जुना, यावर या प्रश्नाचे उत्तर बदलते.

येरून बिंकन आणि स्टीफन स्ट्रेमर्श यांनी २००९ मध्ये गेमच्या संख्येऐवजी अतिलोकप्रिय गेमच्या परिणामावर लक्ष केंद्रित केले. असा एक गेम आल्यावर पाच महिन्यांच्या काळात कन्सोलची विक्री सरासरी १४ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १ लाख ६७ हजारांनी वाढते, असे त्यांना आढळले. अशा गेमच्या दर पाच ग्राहकांपैकी एक जण त्यासाठी कन्सोलही विकत घेतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचा दुसरा अर्थ असा की पाचांपैकी चार ग्राहकांकडे कन्सोल आधीपासूनच असतो.

रॉबिन ली यांनी २०१३ मध्ये अनन्य गेमच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब यांच्या काळात अनन्य गेमचा लाभ प्रस्थापित कन्सोलपेक्षा नव्याने येणाऱ्या स्पर्धकांना अधिक झाला, असे त्यांनी दाखवले. अनन्यतेमुळे ग्राहकाची निवड मर्यादित होत असली तरी नव्या कंपनीला बाजारात पाय रोवण्यास ती साहाय्यभूत ठरते.

मोजमापातील अडचणी

सिस्टिम सेलर ठरवताना बहुधा गेमच्या विक्रीचे आकडे पाहिले जातात. परंतु त्यातून कारण आणि परिणाम यांची गल्लत होऊ शकते. 'वी स्पोर्ट्स'च्या ८ कोटी २९ लाख प्रतींपैकी बहुतेक यंत्रासोबतच आल्या होत्या. त्यामुळे तो आकडा गेमने कन्सोल विकल्याचा पुरावा आहे की कन्सोलने गेम विकल्याचा, हे केवळ आकड्यावरून सांगता येत नाही. जपानमध्ये हा गेम वेगळा विकला जात असूनही त्याच्या ३० लाखांहून अधिक प्रती खपल्या, ही बाब त्याच्या स्वतंत्र लोकप्रियतेची अधिक विश्वासार्ह खूण ठरते.

कन्सोलमागे सरासरी किती गेम विकले गेले, या प्रमाणाचाही आधार घेतला जातो. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत स्विचचे सुमारे ९ लाख ६ हजार कन्सोल विकले गेले, तर त्यावरील 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या सुमारे ९ लाख २५ हजार प्रती गेल्या. गेमची विक्री कन्सोलहून अधिक होण्यामागे काही ग्राहकांनी दोन आवृत्त्या घेतल्या असाव्यात, असे स्पष्टीकरण देण्यात आले. मात्र हे प्रमाण मोठे असणे म्हणजे कन्सोल यशस्वी होणे नव्हे, हे वी यू आणि 'मारिओ कार्ट ८' यांच्या उदाहरणावरून दिसते.

अनेक घटक एकाच वेळी बदलणे ही आणखी एक अडचण आहे. निन्टेन्डो ३डीएस मार्च २०११ मध्ये अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला आला. विक्री मंदावल्याने ऑगस्टमध्ये त्याची किंमत सुमारे १७० डॉलरवर आणली गेली. वर्षअखेरीस 'सुपर मारिओ ३डी लँड' आणि 'मारिओ कार्ट ७' हे गेम आले. विक्री सुधारली, पण किंमत, गेम आणि नाताळचा हंगाम यांपैकी श्रेय कोणाचे, याचा निवाडा करणे कठीण आहे. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्या बाबतीत जागतिक चिप-टंचाईमुळे पुरवठाच अपुरा होता. त्या काळातील विक्रीचे आकडे मागणीपेक्षा उत्पादनक्षमता दर्शवतात.

स्पर्धा कायद्यातील महत्त्व

जानेवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली. 'कॉल ऑफ ड्यूटी' ही ॲक्टिव्हिजनची युद्धविषयक मालिका प्लेस्टेशनवर अत्यंत लोकप्रिय होती. मायक्रोसॉफ्टने ती प्लेस्टेशनवरून काढून घेतल्यास ग्राहक एक्सबॉक्सकडे वळतील, अशी भूमिका सोनीने नियामकांपुढे मांडली. प्लेस्टेशनवरील विक्रीचे उत्पन्न सोडणे परवडणारे नाही आणि निन्टेन्डो स्विच ही मालिका नसतानाही यशस्वी झाला, असा मायक्रोसॉफ्टचा युक्तिवाद होता. एक गेम किती कन्सोल विकू शकतो, हा प्रश्न अशा रीतीने कायद्याचा प्रश्न बनला.

ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कन्सोल-बाजारातील स्पर्धेबाबत चिंता व्यक्त केली होती. मात्र ग्राहकांच्या आकडेवारीचे फेरविश्लेषण केल्यानंतर मार्चमध्ये ती मागे घेतली. मालिका प्लेस्टेशनवरून काढून घेणे मायक्रोसॉफ्टला फायद्याचे ठरणार नाही, असे या विश्लेषणातून निघाले. एप्रिलमध्ये प्राधिकरणाने व्यवहार अडवला, तो क्लाउड गेमिंगच्या मुद्द्यावर. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने व्यवहाराला तात्पुरती स्थगिती मागितली; जुलै २०२३ मध्ये संघराज्य न्यायालयाने ती नाकारली. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्ट आणि सोनी यांच्यात 'कॉल ऑफ ड्यूटी' प्लेस्टेशनवर कायम ठेवण्याचा दहा वर्षांचा करार झाला. क्लाउड प्रक्षेपणाचे हक्क युबिसॉफ्टकडे सोपवल्यानंतर ब्रिटनने मान्यता दिली आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजी व्यवहार पूर्ण झाला.

भारतातील स्थिती

१९९० च्या दशकात भारतातील मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेले बहुतांश व्हिडिओ गेम संच हे फॅमिकॉमच्या नकला होते. एकाच कार्ट्रिजमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा त्यांवर छापलेला असे. प्रत्यक्षात त्यात थोडेच गेम पुनःपुन्हा येत. या संचांची मागणी 'सुपर मारिओ ब्रदर्स', 'काँट्रा' अशा मोजक्या गेमवर आधारलेली होती. मूळ यंत्राची निर्माती कंपनी अनुपस्थित असतानाही तिच्या सॉफ्टवेअरने दुसऱ्यांचे हार्डवेअर विकले, असे हे उदाहरण आहे.

प्लेस्टेशन २ च्या उत्तरार्धात भारतीय विषयांवरील गेम काढून ग्राहक मिळवण्याचा प्रयत्न झाला. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' (२००९) हा प्लेस्टेशन २ साठी भारतात तयार झालेला पहिला गेम होता. मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' (२०१०) हा गल्ली क्रिकेटवरील गेम बनवला.

भारतात किंमत हा घटक अधिक निर्णायक ठरतो. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आला आणि सोनीच्या काही नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपये होती. याउलट मोबाइल फोन इतर कारणांसाठी आधीच घेतलेला असतो आणि त्यावरील बहुतेक लोकप्रिय गेम विनामूल्य असतात. त्यामुळे भारतीय खेळाडूंचा मोठा वर्ग कन्सोलऐवजी मोबाइलवर आहे.

बदलते स्वरूप

२०१० च्या दशकाच्या अखेरीपासून गेम आणि कन्सोल यांचे नाते सैल होऊ लागले. 'माइनक्राफ्ट' आणि 'फोर्टनाइट' यांसारखे गेम जवळजवळ सर्व यंत्रांवर उपलब्ध आहेत आणि भिन्न कन्सोलवरील खेळाडू त्यांत एकत्र खेळू शकतात. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये गेम पास ही वर्गणीवर आधारित सेवा सुरू केली. २०२० पासून सोनीने 'होरायझन झीरो डॉन'सारखे आपले अनन्य गेम काही वर्षांच्या अंतराने संगणकावर आणण्यास सुरुवात केली. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सी ऑफ थीव्ह्ज'सह आपले चार गेम प्रतिस्पर्धी कन्सोलवर आणण्याचे जाहीर केले. गेम बनवण्याचा वाढता खर्च एकाच कन्सोलच्या ग्राहकांतून वसूल करणे अवघड होत चालल्याने हे बदल घडत आहेत.

निन्टेन्डोने मात्र आपले प्रमुख गेम स्वतःच्याच यंत्रांपुरते मर्यादित ठेवण्याचे धोरण कायम ठेवले आहे. आपले गेम सर्वत्र विकून हार्डवेअरला दुय्यम मानणे आणि आपल्या हार्डवेअरसाठी गेम राखून ठेवणे, अशी दोन धोरणे त्यामुळे एकाच वेळी अस्तित्वात आहेत.